विजयमालाबाईंचं जैसलमेर

विजयमालाबाई ड्युटीवर असल्या की बारामती–बावडा गाडीत शेवटच्या बाकावरची कॉलेजची मुलंसुद्धा मोबाईलचा आवाज बारीक करत. त्या कुणावर ओरडत नसत. तिकिटाचं मशीन हातात धरून नुसत्या जवळ येऊन उभ्या राहत आणि बघत. कुणी वाद घातलाच तर त्यांचं वाक्य ठरलेलं होतं. "तुमी म्हणताय ते कागदावर लिहून द्या आन् खाली सही करा." आजवर कुणी लिहून दिलं नव्हतं.

मी सहा वर्षं त्याच गाडीनं इंदापूरला कॉलेजात शिकवायला जात होते. लासुर्णे सोडलं आणि गर्दी जरा पांगली की त्या माझ्या शेजारी टेकायच्या. ही हकिगत त्यांनी मला तशीच, तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. मधेच उठून कुणाला तिकीट द्यायच्या, परत येऊन बसायच्या आणि जिथं तोडलं होतं तिथूनच पुढं सुरू करायच्या. थोडं त्यांच्या मुलीकडून, छकुलीकडून कळलं.

माहेर बावड्याचं, सासर पणदऱ्याचं. घरी ऊस, तीन म्हशी, सासू सारजाबाई आणि मालक हिंदुराव. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी पेपरातली जाहिरात बघून त्यांनी स्वतःच फॉर्म भरला आणि कंडक्टर झाल्या. पहिल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या प्रवाशानं त्यांच्याकडं बघून विचारलं होतं, "मास्तर कुठं हायेत?" त्या म्हणाल्या, "मीच मास्तर." एकोणीस वर्षं झाली त्याला. तेव्हापासून रोज पहाटे चारला उठून धारा काढायच्या, स्वयंपाक करायचा आणि साडेसहाला आगारात हजर व्हायचं.

त्यांना जैसलमेर बघायचं होतं. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तितल्या किल्ल्यात अजून माणसं राहत्यात. कपडे वाळत घालत्यात. मी व्हिडिओ बघितला व्हता. आपल्याकडं किल्ला म्हणजे पडकी भिंत आन् त्यावर चढलेली पोरं. राहता किल्ला कसा असतो ते बघायचं व्हतं मला." एवढंच कारण.

गेल्या डिसेंबरात घरातल्या सगळ्यांनी राजस्थानला जायचं ठरलं तेही त्यांच्याच हट्टानं. हिंदुराव, त्यांचा धाकटा भाऊ, जाऊ मंदाकिनी, मुलंबाळं, सगळे मिळून अकरा जण. गाडी ठरवली. तिकडं थंडी फार म्हणून विजयमालाबाईंनी बारामतीच्या बाजारातून जांभळा स्वेटर आणला. रजा मंजूर झाली. निघायच्या दोन दिवस आधी सारजाबाईंचा गुडघा सुजला. म्हातारीजवळ कुणीतरी थांबायला हवं, म्हशींना बघायला हवं. ओट्यावर सगळे बसले होते. हिंदुराव पान लावता लावता म्हणाले, "विजे, तू ऱ्हा. तुला काय, तू रोज गाडीतच असतीस. फिरणं तुला नवं हाय व्हय?"

सगळे हसले. मुलंसुद्धा हसली. छकुलीही हसली, हे तिनंच मला सांगितलं आणि सांगताना तिचा चेहरा उतरला होता.

विजयमालाबाई उठून म्हशींना वैरण टाकायला गेल्या. निघायच्या सकाळी मंदाकिनी आत आली आणि म्हणाली, "वैनी, तुमी तर हितंच हाय. स्वेटर पडूनच राहील न्हवं?" त्यांनी कपाटातून स्वेटर काढून दिला. आठ दिवस मोबाईलवर फोटो येत राहिले. किल्ल्याच्या दरवाजापुढं फेटे बांधलेले पुरुष, उंटावर पोरं, नक्षीच्या खिडकीशी टेकलेली मंदाकिनी आणि तिच्या अंगात तो जांभळा स्वेटर. विजयमालाबाई म्हशीखालून उठायच्या, हात पुसायच्या, फोटो बघायच्या आणि फोन उलटा ठेवायच्या. त्यातला एक मोठा करून हिंदुरावांनी बैठकीच्या खोलीत लावला. येणारा-जाणारा विचारायचा, "वैनी कुठं दिसत न्हाईत यात?" हिंदुराव म्हणायचे, "तिला सुट्टी कुठं असती."

"रजा मंजूर झाल्याला कागद माझ्या पर्समधी व्हता तवा," विजयमालाबाई मला म्हणाल्या. "रोज वाटायचं, तो काढावा आन् त्या फोटूवर चिकटवावा."

पाच महिने त्यांनी राग असा अंगावर घेऊन काढला. घरात भांडण नाही, आदळआपट नाही. फक्त त्यांचं बोलणं कमी झालं. आणि मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, बस दारापर्यंत भरून धावत असताना, त्यांनी दहा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. आगारातले कंट्रोलर म्हणाले, "बाई, मे महिन्यात कुणी रजा मागतं का? जूनच्या शेवटी घ्या."

"एकोणीस वर्षांत मे महिन्यात एकदाबी मागितली न्हाय. आता मागतीय. न्हाय म्हणायचं आसंल तर लेखी द्या."

रजा मिळाली. घरी त्यांनी जायच्या आदल्या दिवशी, चहाच्या वेळी सांगितलं.

"उद्या जैसलमेरला चाललीय. परवाची जोधपूरची गाडी पुण्याहून हाय, पण मी एक दिवस आधी निघतीय."

हिंदुराव हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की कुणी चेष्टा करत नाहीये. "कुणासंगं?"

"कुणासंगं न्हाय."

"एकटी? आन् या उन्हात? डोकं फिरलं का तुझं? लोक काय म्हणतील?"

"लोकांस्नी म्हणावं, तिला फिरणं नवं न्हाय."

आतून सारजाबाई म्हणाल्या, "आन् जनावरांचं कोण बघायचं?"

"डिसेंबरात मी बघितलं. आता तुमच्या लेकानं बघावं, आत्याबाई."

छकुलीनं संध्याकाळी गुपचूप त्यांच्या पिशवीत पॉवर बँक, ओआरएसची पाकिटं आणि एक पांढरी सुती ओढणी टाकली. माफी वगैरे मागितली नाही.

गाडीत हिंदुरावांचे फोन येत राहिले. त्यांनी एकच उचलला. "पोचले की सांगीन," म्हणाल्या आणि ठेवला. जोधपूरला गाडी बदलून त्या दुपारी जैसलमेरला उतरल्या. स्टेशनाबाहेर आल्या तेव्हा उन्हाचा झोत अंगावर आला. आपल्याकडच्या उन्हात घाम तरी येतो. तिथं घाम यायच्या आधीच वाळत होता. नाकाची आतली कातडी ओढल्यासारखी झाली.

स्टेशनाजवळच्या पहिल्या लॉजमध्ये काउंटरवरच्या माणसानं त्यांच्या मागं बघितलं. मग त्यांच्याकडं.

"साहब कहां हैं?"

"कोई साहब नहीं. मैं अकेली."

"अकेली लेडीज को कमरा नहीं देते हम."

"क्यूं?"

"ऐसा ही है. मालिक का बोलना है."

बोर्डावर खोल्या रिकाम्या आहेत असं लिहिलं होतं. मे महिन्यात तिथं काळं कुत्रं फिरकत नाही. विजयमालाबाईंनी पिशवी खाली ठेवली, पर्समधून पेन काढलं, काउंटरवरची वही ओढली आणि त्याच्यापुढं सरकवली. "लिखो. अकेली औरत को कमरा नहीं देते. तुम्हारा नाम लिखो, मालिक का नाम लिखो, नीचे सही करो. मैं बाजू में पुलिस चौकी है, उधर दिखाती."

तो माणूस वहीकडं बघत राहिला. मग त्यानं मालकाला फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं माहीत नाही, पण किल्ली मिळाली. खोलीत जाऊन दार लावल्यावर त्या किल्ली हातात तशीच धरून खाटेवर बसल्या. मला म्हणाल्या, "इतकी वर्सं प्रवाशांस्नी म्हणत आले, लेखी द्या, लेखी द्या. पण आपल्या सोताच्या कामासाठी म्हणायची येळ कधी आलीच न्हवती. घरात कवा म्हणले न्हाय मी. तिथंच म्हणायला पायजे व्हतं. डिसेंबरात, ओट्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच त्या किल्ल्यात गेल्या. व्हिडिओत दाखवलं होतं तसंच होतं सगळं. पिवळ्या दगडाच्या अरुंद गल्ल्या, दारात उभ्या मोटारसायकली, गल्लीच्या मधोमध बसलेली गाय, वरच्या गच्चीत दोरीवर चादरी. एक बाई दारात बसून भाजी निवडत होती. विजयमालाबाई तिच्याकडं बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. बाईनं विचारलं, "अकेली आई हो?"

ते त्यांना त्या सकाळी पाचव्यांदा विचारलं गेलं होतं. रिक्षावाल्यानं, चहावाल्यानं, तिकिटाच्या खिडकीवरच्यानं, फोटो काढणाऱ्यानं आणि आता हिनं. बाईनं सरळपणे विचारलं होतं, त्यात काही वाकडं नव्हतं. तरी विजयमालाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "हिंदुराव आले आसते एकटे, तर त्यांस्नी कुणी विचारलं आसतं का?" त्या मला म्हणाल्या. "पाच जण न्हाय, एकानं तरी?"

आणि आणखी एक गोष्ट होती. जिथं जावं तिथं ती अकरा माणसं आधी उभी राहून गेलेली होती. दरवाजा आला की फेटे आठवायचे. हवेलीची नक्षीची खिडकी आली तेव्हा मंदाकिनी दिसली. राहता किल्ला त्यांना आवडला होता, पण त्यांना तो पहिल्यांदा बघायचा होता, आणि ते आता होणार नव्हतं. दगडावर हात ठेवला तर तो सकाळी नऊलाच भाजत होता.

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. हिंदुराव. मागं गोठा दिसत होता.

"शेजारी कोण हाय तुझ्या? दाव."

चौकात दोन-चार दुकानदार बसले होते. ते ऐकत होते. विजयमालाबाईंनी फोन हातभर लांब धरला आणि स्वतःभोवती पूर्ण फिरवला. दगडी चौक, पायऱ्यांवरचे दुकानदार, तोफ, आभाळ. "बघितलं? माझ्या शेजारी कुणी न्हाय. ऊन हाय नुसतं. आजून कुणाला बघायचं हाय?" आणि फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला. त्यानंतर तो त्यांनी परतीच्या गाडीत बसल्यावरच चालू केला. छकुलीला रोज संध्याकाळी लॉजवरच्या फोनवरून दोन शब्द सांगत तेवढंच.

रागाच्या भरात त्या बारा वाजेपर्यंत उन्हातच हिंडल्या. गडीसर तलावाच्या पायऱ्यांवर डोळ्यांपुढं काळं आलं तेव्हा खाली बसल्या, ओआरएस प्यायल्या आणि दुपारभर खोलीत पंख्याखाली पडून राहिल्या. त्या दिवशी कळलं, त्या म्हणाल्या, की राग आला म्हणून ऊन कमी लागत नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांना वाळू बघायची होती. जीपवाले म्हणाले, एकट्या बाईला नेत नाही, पार्टी पाहिजे. मग त्यांनी खेड्यात जाणारी एक खाजगी बस शोधून काढली. बसमध्ये पंधरा-वीस माणसं होती, ती वाटेत एकेक करून उतरली. शेवटी उरल्या या आणि पुढच्या बाकावर एक म्हातारी. म्हातारीच्या एका डोळ्यावर हिरव्या कापडाची पट्टी होती, ऑपरेशन झालेली माणसं लावतात तशी, आणि मांडीवर गाठोडं. साडेअकरा वाजले असतील. एका फाट्यावर बस थांबली. कंडक्टर, तरणाबांड, गळ्यात लाल रुमाल, म्हातारीला म्हणाला, "उतरो माजी. आज गाड़ी अंदर नहीं जाएगी."

म्हातारी काहीतरी बोलली. विजयमालाबाईंना भाषा कळली नाही, पण म्हातारी हात करून आतला रस्ता दाखवत होती. तिचं गाव त्या रस्त्यानं चार किलोमीटर आत होतं.

"एक सवारी के लिए कौन अंदर जाए," कंडक्टर ड्रायव्हरला म्हणाला आणि म्हातारीचं गाठोडं उचलून दारापाशी ठेवलं.

विजयमालाबाई उठल्या. "इनको टिकट किधर का दिया?"

"आप बैठो मैडम. आपको क्या?"

"गांव का टिकट दिया ना? तो गांव तक छोड़ो. आंख देखो इनकी. इस धूप में चलेगी क्या ये?"

"आप कौन हो?"

"मैं भी कंडक्टर हूं. उन्नीस साल से."

तो हसला. ड्रायव्हरकडं बघून हसला आणि ड्रायव्हरही हसला.

"तसंच हसला," विजयमालाबाई मला म्हणाल्या, आणि कसं ते मला विचारावं लागलं नाही. त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हिला उतरवणार असाल तर मलाही इथंच उतरवा. त्यांना वाटलं होतं, परगावची बाई आहे, एवढ्या उन्हात उतरवायची हिंमत करणार नाही. तो म्हणाला, "शौक से." म्हातारी उतरली, मागोमाग या उतरल्या. कंडक्टरनं पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि बस निघून गेली.

धूळ खाली बसल्यावर काहीच उरलं नाही. डांबराची एक पट्टी, दोन्हीकडं खुरटी झुडपं आणि थोड्या अंतरावर शमीसारखं एक झाड. म्हातारीनं त्यांच्याकडं बघून जोरात काहीतरी म्हटलं. सूर कळला. ती यांनाच बोलत होती. मी उतरले ते उतरले, तुला कुणी सांगितलं होतं मधे पडायला, असंच काहीतरी असणार. मग तिनं यांच्या दंडाला धरून झाडाकडं ओढलं आणि सावलीत बसवलं. आता ऊन कलेपर्यंत चालायचं नाही, हे खुणेनं सांगितलं.

दोघी तिथं चार तास बसल्या. यांच्याकडं दीड बाटली पाणी होतं, म्हातारीच्या गाठोड्यात एक. म्हातारी एकेक घोट मोजून घेत होती आणि यांना दोन देत होती. यांनी पांढरी ओढणी ओली करून तिच्या पट्टीच्या डोळ्यावर धरली. पहिला तास विजयमालाबाई मनात त्या कंडक्टरला शिव्या देत होत्या. त्याचा लाल रुमाल, त्याचं हसणं, त्यानं गाठोडं उचललेला हात. आणि दुसऱ्या तासाला कधीतरी त्यांना वरकुट्याचा फाटा आठवला.

हे सांगताना त्या थांबल्या. गाडी त्या वेळी अंथुर्ण्याच्या पुढं होती. दोन माणसं चढली, त्यांना तिकिटं दिली आणि परत येऊन बसल्या तेव्हा माझ्याकडं न बघता बोलल्या.

"तीन वर्सांमागं. असाच मे. गाडीला उशीर झाल्याला. दीपक ड्रायव्हर व्हता. वरकुट्याला आत जायची फेरी आमची, पण गाडीत तितली एकच म्हातारी. दीपक म्हणला, ताई, सोडू हितंच, येळ भरून काढू. मी म्हणले, सोड. म्हातारी म्हणली, बाई, पायात चप्पल तुटलीय. मी म्हणले, मावशे, आज गाडी आत जायची न्हाय. तिचं बोचकं मीच खाली ठिवलं. आन् डबल बेल दिली."

"नंतर कधी आठवलं होतं तुम्हाला?"

"एकदाबी न्हाय, मॅडम. त्या झाडाखाली बसेपतुर एकदाबी न्हाय. मला वाटलं व्हतं, माझ्यासारखी नेकीची कंडक्टर दुसरी न्हाय."

चारच्या सुमाराला पाण्याचा टँकर घेऊन एक ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरनं दोघींना बसवून घेतलं. त्याला हिंदी येत होतं. म्हातारीचं नाव धापू. विजयमालाबाईंनी अर्थ विचारला. तो म्हणाला, धापू म्हणजे पुरे झालं, पोट भरलं. लागोपाठ मुली झाल्या की शेवटचीचं नाव असं ठेवतात. "आमच्याकडं नकुशी म्हणत्यात," विजयमालाबाई म्हणाल्या. मागं धापू पट्टीवर हात धरून टाकीला टेकून बसली होती.

वाळू होती. धापूच्या घरामागंच टेकडीएवढी पसरलेली होती. विजयमालाबाईंनी चपला काढल्या, पाय टेकवले आणि लगेच परत घातल्या. पाच मिनिटं बघितली. धापूच्या सुनेनं ताक दिलं. टँकर रिकामा झाल्यावर त्याच ट्रॅक्टरनं मोठ्या रस्त्यापर्यंत आणि तिथून एका जीपनं त्या दिवस मावळायच्या आत शहरात आल्या. निघताना धापू दारापर्यंत आली नाही. ती आत खाटेवर आडवी झाली होती.

परतीला त्या दोन दिवस आधीच निघाल्या. घरी पोचल्या तेव्हा हिंदुराव गोठ्यात होते. त्यांच्या कोपराला म्हशीनं शिंग मारलेलं होतं, पट्टी बांधली होती. त्यांनी वळून बघितलं. "झालं का मनासारखं?"

"न्हाय."

"मग गेलती कशाला?"

त्या रात्रीपर्यंत थांबल्या नाहीत. तिथंच, शेणाच्या पाटीजवळ उभं राहून त्यांनी सगळं बोलून टाकलं. ओट्यावरचं बोलणं, रजेचा कागद, स्वेटर, फोटो. "आन् तुमी हसला. समदे हसले, पण आधी तुमी हसला."

हिंदुराव खरोखरच गोंधळले. "मी असं म्हणलो व्हतो? मला आठवत न्हाय, विजे. खरंच आठवत न्हाय."

छकुली दारात उभी होती. तिला वाटलं, आई आता भडकणार. पण आईचा चेहरा एकदम पांढरा पडला आणि ती तशीच आत निघून गेली. छकुलीला त्याचा अर्थ लागला नाही. मला लागला, कारण तोवर मला वरकुट्याचा फाटा माहीत होता.

फोटो त्यांनी भिंतीवरून काढला. मंदाकिनी स्वेटर धुऊन, घडी करून द्यायला आली तेव्हा म्हणाल्या, "ठेव तुलाच. मी घेतला व्हता समद्यांसंगं गाडीत घालायला." त्यांचं बोलणं कमी होतं ते पुन्हा वाढलं, पण ते आता ऐकायला सोपं नव्हतं. दोन्ही वेळच्या धारा एकटीनं काढणं त्यांनी सोडलं. सकाळच्या हिंदुरावांच्या आणि संध्याकाळच्या त्यांच्या, असं ठरलं. हिंदुराव कुरकुरत काढतात.

रजेचा एक दिवस उरला होता. त्या वरकुट्याला गेल्या. फाट्यावर उतरून आत चालतच गेल्या. म्हातारीचं नावही माहीत नव्हतं. उंच, सावळी, कपाळावर हिरवं गोंदण, एवढं सांगून विचारत विचारत घर सापडलं. कुशाबाई. पिंपळाच्या पारासमोर तिचं दोन खणांचं घर. ती दारात शेंगा फोडत बसली होती. विजयमालाबाई साध्या साडीत होत्या, तरी तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "तू ती गाडीवाली."

"व्हय."

"तुज्या हातात निळी बाटली व्हती पाण्याची. मी मागायच्या आत तू बेल दिलीस."

विजयमालाबाईंना बाटलीचं काही आठवत नव्हतं. त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "माझं चुकलं, मावशे."

"तीन वर्सं लागली व्हय चुकायला?" कुशाबाई शेंगा फोडतच राहिली. "दोनी टाचांला फोड आलतं. पंधरा दिवस कामाला गेले न्हाय. आन् तू काय म्हणलीस, आठवतंय का? म्हणलीस, तुमास्नी सवय आसती चालायची."

हेही त्यांना आठवत नव्हतं. विजयमालाबाई सांगत होत्या की तिथून उठावंसं वाटत होतं, आपल्या बाजूनं बोलायला जिभेवर काही काही येत होतं. उशीर झाला होता, ड्रायव्हर म्हणाला, वरून बोलणी बसतात. यातलं एकही त्या बोलल्या नाहीत. कुशाबाई अर्धा तास बोलत होती. फाट्यावरच्या उन्हाचं, मग गाडी येणं कसं कमी झालं त्याचं, मग शाळेच्या पोरींना फाट्यापर्यंत चालत जावं लागतं त्याचं. शिव्याही दिल्या. विजयमालाबाईंनी साखरेची पुडी आणली होती. कुशाबाई म्हणाली, "उचल ती. मला नको."

त्यांनी ती उचलली.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जायच्या आधी त्या कंट्रोलरच्या टेबलापुढं उभ्या राहिल्या. वरकुट्याची आतली फेरी कागदावर होती आणि उन्हाळ्यात निम्म्या वेळा मारली जात नव्हती. त्यांनी स्वतःच लेखी अर्ज दिला. त्यात लिहिलं की मी कंडक्टर असताना ही फेरी मी अमुक वर्षी मे महिन्यात चुकवली आहे, आणि यापुढं कुणी चुकवू नये. कंट्रोलर म्हणाले, "बाई, हे तुमच्याच अंगावर येईल. फाडून टाका." त्या म्हणाल्या, "घ्या आवक-नोंदीत." त्यांना समज देणारं पत्र आलं. फेरी नियमित झाली. दीपक चिडला. त्याचं नाव त्यांनी लिहिलं नव्हतं, तरी तो महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही.

त्या पावसाळ्यात एकदा मी कामासाठी बावड्यापर्यंत गेले होते. परतताना गाडी वरकुट्याला आत वळली. आत उतरणारं कुणीच नव्हतं. पाराजवळ गाडी थांबली, आणि एक उंच म्हातारी काठी टेकत चढली. तिनं आधार कार्ड पुढं केलं. विजयमालाबाईंनी बघितलं, मशीनवर ज्येष्ठांचं शून्य रुपयांचं तिकीट काढून दिलं. म्हातारीनं ते घेतलं, त्यांच्याकडं न बघता खिडकीशी जाऊन बसली. इंदापूर येईपर्यंत ती बाहेर बघत होती, आणि उतरतानाही एक शब्द बोलली नाही.

"अजून राग आहे?" मी हळूच विचारलं.

"आसू दे," विजयमालाबाई म्हणाल्या. "तिचा हाय तो." आणि पुढं सरका, पुढं सरका म्हणत गर्दीत शिरल्या.